नॅसकारचे जुने प्रेक्षक का दुरावले?

टर्न_चार: नॅसकार म्हणजे अमेरिकेतली स्टॉक कार शर्यत. तिच्या मुख्य मालिकेला ‘विन्स्टन कप’ म्हणायचे, त्या काळापासूनचे कितीतरी चाहते आता शर्यत अर्ध्यावर सोडतात. दोष निव्वळ प्रक्षेपणातल्या जाहिरातींचा, की गाडीचाही?

पिट_रोड: आधी गुणपद्धत बघा. २००३ पर्यंत अख्ख्या हंगामाच्या बेरजेवर विजेता ठरायचा. २००४ मध्ये विजेता ठरवायला शेवटच्या १० शर्यतींचा ‘चेस’ आला, २०१४ मध्ये बाद फेऱ्या (त्या २०२५ पर्यंत होत्या), २०१७ मध्ये प्रत्येक शर्यतीचे टप्पे. ओव्हलवर, म्हणजे लंबगोल ट्रॅकवर, टप्पा संपला की पिवळा झेंडा ठरलेलाच; वेग कमी करून सगळ्या गाड्या एकामागे एक गोळा होतात. कमावलेली आघाडी तिथेच पुसली जाते, शिवाय जाहिरातींना आयती जागा.

कॅम्बर: मार्टिन्सव्हिलसारख्या छोट्या ट्रॅकवर मात्र खरं दुखणं गाडीतच आहे. २०२२ मध्ये आलेल्या ‘नेक्स्ट जेन’ गाडीला १८ इंची चाकं, रुंद टायर, मोठे ब्रेक. ब्रेकिंगचं अंतर घटलं, मग मागच्याने आत घुसायचं कुठे? वळण चुकलं तरी गिअर उतरवून वेग सावरता येतो. त्यात २०२५ पर्यंत ताकद ६७० हॉर्सपॉवरच होती, म्हणजे चाकं जागच्या जागी फारशी घसरायची नाहीत, टायर पुरेसे झिजायचे नाहीत. झीज नाही तर ओव्हरटेकही नाही. जास्त ताकद आणि मऊ टायर, दोन्ही एकत्र हवेत.

टर्न_चार: पटलं. नॉर्थ विल्क्सबरो या जुन्या ट्रॅकची कप मालिकेतली शर्यत १९९६ नंतर काढून घेतली, तेही विसरवत नाही.