छोटे सिनेमे गोव्यात येतात आणि आपण बघायच्या आधीच जातात. काही करता येईल का?

साखळीची_वाचक
नमस्कार मंडळी. मी साखळीला राहते, शाळेत शिकवते. बाहेरच्या महोत्सवांत गाजलेला एक मराठी सिनेमा पणजीला लागल्याचं कळलं. दिवसाला एकच खेळ, तोही भर दुपारी. शाळा सुटून कदंबाच्या बसने पोचेपर्यंत अर्धा संपलेला असायचा, म्हणून पुढच्या रविवारी जायचं ठरवलं. त्याआधीच तो निघून गेला. नोव्हेंबरात इफ्फीसाठी, म्हणजे गोव्यातल्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवासाठी, आम्ही कार्ड काढतो, रांगेत उभे राहतो, दिवसाला तीन-तीन सिनेमे बघतो. मग उरलेले अकरा महिने काय? आमच्या गावात रवींद्र भवन आहे. तिथे असा एखादा सिनेमा रीतसर लावता येईल का? कुणाशी बोलायचं?

पेडणेकर
थोडं थांबा, ओटीटीवर येईलच.

फोंड्याचा_सिनेमावेडा
पेडणेकर, सगळे येत नाहीत. आलेलेही मोबाइलवर बघायला केलेले नसतात. असल्या सिनेमात गप्प बसण्याच्या जागा असतात, आणि घरी नेमक्या त्याच जागी माणूस फोन उचलतो.

ताई, आमच्याकडे फोंड्यात आम्ही काही जण मिळून सिनेमे दाखवतो. त्यातून जे कळलं ते सांगतो.

सिनेमा शुक्रवारी लागतो आणि पुढच्या आठवड्याचे खेळ सोमवार-मंगळवारी ठरतात. तेव्हा थिएटरवाल्यांसमोर पहिल्या तीन दिवसांचेच आकडे असतात. जाहिरात नसलेल्या सिनेमाची बातमी तोंडोतोंडी पसरायला आठवडा लागतो, आणि तेवढा वेळ त्याला मिळतच नाही. म्हणून असा सिनेमा लागला की पहिल्या शनिवार-रविवारीच जायचं, आणि तिकीट आदल्या दिवशीच काढून ठेवायचं. आगाऊ विक्री दिसली की दुपारचा खेळ संध्याकाळी सरकलेला मी बघितला आहे.

दुसरा रस्ता म्हणजे अख्खा खेळ आपणच घेणं. सोमवार ते गुरुवार थिएटरं ओस असतात, त्यामुळे व्यवस्थापक बोलायला तयार असतो. मात्र आधी वितरकाचा होकार हवा. सिनेमा डीसीपी नावाच्या कुलूपबंद फाइलमध्ये येतो आणि ते कुलूप उघडणारी किल्ली, केडीएम, त्या एका पडद्याच्या सर्व्हरपुरती आणि ठरावीक तारखा-वेळांपुरतीच बनवलेली असते. शेजारच्या पडद्यावरसुद्धा ती चालत नाही. म्हणून आठवडाभर आधी तरी बोलायला हवं.

आता रवींद्र भवन. तिथे लावता येईल, पण ते नाटकाचं सभागृह आहे हे धरून चाला. डीसीपीची यंत्रणा नसेल तर निर्मात्याकडून साधी फाइल मागायची. सोबत त्या एका खेळापुरतं परवानगीपत्र आणि सेन्सॉर प्रमाणपत्राची प्रत घ्यायची. स्वतंत्र सिनेमाचे निर्माते अशा विचारणेने मनापासून खूश होतात, भीड बाळगू नका. खरी अडचण आवाजाची. थिएटरात संवाद पडद्यामागच्या स्पीकरमधून येतात, नाट्यगृहात ते दोन्ही बाजूंनी येऊन मध्ये घुमतात. आदल्या संध्याकाळी सर्वांत हळू बोललेला प्रसंग लावून शेवटच्या रांगेत जाऊन बसा. तिथे शब्द कळले तर पुढचं सगळं निभावतं. पडदा उंच बांधा, नाहीतर उपशीर्षकांची खालची ओळ पुढच्यांच्या डोक्यांमागे जाते. दारांच्या फटींतून येणारा उजेड काळ्या कापडाने बंद करा.

आणि गोव्यात प्रेक्षक नाही, असं मला कुणी सांगू नये. जत्रेत मध्यरात्र उलटून गेली तरी मांडी घालून संगीत नाटक ऐकणारी माणसं आपलीच. तियात्रवाले, म्हणजे कोकणी गाण्यांची नाटकं करणारे, हॉल भाड्याने घेऊन गावोगाव तिकिटावर खेळ लावतात आणि लोक येतात. आपल्या मातीतल्या ‘पलतडचो मुनिस’ या कोकणी सिनेमाला २००९ साली टोरोंटोच्या महोत्सवात समीक्षकांचा फिप्रेस्की पुरस्कार मिळाला. रानात एकट्याने राहणारा वनरक्षक आणि गावाने टाकलेली बाई, यांची गोष्ट. माझ्या शेजारच्या कॉलेजातल्या मुलांनी त्याचं नावही ऐकलेलं नाही. याचा मला राग येतो. मुलांचा नाही, त्यांच्यापर्यंत तो कधी पोचवलाच गेला नाही याचा. सत्यजित राय आणि त्यांच्या मित्रांनी १९४७ साली कलकत्त्यात फिल्म सोसायटी काढली, ती हेच दुखणं ओळखून. त्यांना रिळं मिळवायला धडपडावं लागलं. आपल्याला एक ईमेल पुरते.

मडगावची_मेधा
फोंडेकरांचं पटलं. फक्त वेळ रविवारी दुपारी चारची ठेवा. आमच्याकडे एक चांगला सिनेमा रात्री साडेआठला लावला होता. शेवटच्या बससाठी बायका मध्यंतरातच उठून गेल्या. आणि सिनेमा झाल्यावर अर्धा तास हॉल हातात ठेवा. लोकांना बोलायचं असतं.

साखळीची_वाचक
खूप आभार. आमच्या वाचनालयातली मंडळी तयार आहेत, उद्याच भाड्याची चौकशी करते. एक विचारायचं राहिलं. आठवी-नववीची मुलं आणली तर चालेल का? आणि पहिला सिनेमा कोणता घ्यावा?

फोंड्याचा_सिनेमावेडा
प्रमाणपत्र बघा, ताई. ‘यू’, म्हणजे सगळ्या वयांसाठी, असेल तर प्रश्नच नाही. २०२४ पासून ‘यूए’चे, म्हणजे मुलांनी पालकांच्या सल्ल्याने बघायच्या सिनेमांचे, सात, तेरा आणि सोळा वर्षांपुढचे असे तीन भाग झाले आहेत. सात किंवा तेराचा शिक्का असेल तर तुमच्या मुलांना चालेल. पालकांना आधी चिठ्ठी पाठवा, म्हणजे कुणाची तक्रार नको.

पहिला म्हणून मी अविनाश अरुण यांचा ‘किल्ला’ सुचवेन. वडील गेलेला मुलगा आईच्या बदलीमुळे कोकणातल्या गावात येतो. तो पाऊस, तो समुद्र, नव्या शाळेतलं ते अवघडलेपण आपल्या मुलांना समजावून सांगावं लागणार नाही. बर्लिनच्या महोत्सवात २०१४ साली त्याला क्रिस्टल बेअर हे पारितोषिक मिळालं, आणि ते देणारं परीक्षक मंडळ लहान मुलांचंच होतं. निर्मात्यांना लिहिताना हॉलची आसनसंख्या आणि तिकिटाचा दर पहिल्याच पत्रात कळवा, उत्तर लवकर येतं. आवाजाच्या चाचणीला कुणी हवं असेल तर शनिवारी मी फोंड्याहून येतो.