मदत हवी आहे: ब्रॉडकास्ट इंडिया शोला पहिल्यांदाच जातोय

नमस्कार मंडळी, आम्ही दोघं कोल्हापुरात लग्नाचं शूटिंग करतो, यंदा मुंबईत बीकेसीला जिओ वर्ल्डमध्ये ब्रॉडकास्ट इंडिया शो (कॅमेरे, व्हिडिओच्या सामानाचं प्रदर्शन) बघायला जायचं ठरवलंय. महालक्ष्मीनं सकाळी दादरला उतरायचं, रात्रीच्या गाडीनं परत, कारण दुसऱ्या दिवशी हळदीची ऑर्डर आहे. एक दिवस पुरतो का?

मेन काम असं की आमच्याकडं एटेम मिनी स्विचर (एका कॅमेऱ्यावरनं दुसऱ्यावर जायचा बॉक्स) आहे, चार एचडीएमआय इनपुटवाला, त्यातनं एलईडी वॉलला लाईव्ह देतो. लांबची एचडीएमआय केबल दगा देते म्हणून वायरलेस घेतलं, तर मागच्या लग्नात ऐन मंगलाष्टकात स्क्रीन काळी!! हॉलभर पाचशे मोबाईल चालू, त्याचाच घोळ असावा असं वाटतंय (नवरीचे मामा अजून फोन उचलत नाहीत). आता एसडीआयवर (लांबपर्यंत चालणारी व्हिडिओची केबल) जावं म्हणतोय, मग कन्व्हर्टर घ्यावे की स्विचरच बदलावा, हे तिथं स्टॉलवर नीट बसून समजावतात का नुसतं कार्ड घेऊन ब्रोशर हातात देतात?

आणि दुसरं म्हणजे डेमोच्या कॅमेऱ्यात आपलं कार्ड टाकून फुटेज घरी आणू देतात का? स्टॉलच्या लायटीत सगळंच भारी दिसतं हो, खरं काय ते एडिटिंगला रिझॉल्व्ह सॉफ्टवेअरमध्ये टाकल्यावर कळतं.

तिथं रेट कमी मिळतो की लॅमिंग्टन रोडलाच बघू? जे जाऊन आलेत त्यांनी प्लीज सांगा.