विजेतेपदाशिवाय मोठा कोच?
अमेरिकी कॉलेज बेसबॉलमध्ये ओमाहाचं, म्हणजे तिथे होणाऱ्या कॉलेज वर्ल्ड सिरीज या अंतिम स्पर्धेचं, विजेतेपद नाही तर कोच कसला मोठा, असं कुणीतरी म्हटलंय. मग माइक मार्टिनना कुठे बसवायचं? फ्लोरिडा स्टेट विद्यापीठाचे १९८० ते २०१९ मुख्य कोच, २,०२९ विजय, एनसीएएची (अमेरिकी कॉलेज खेळांची संघटना) राष्ट्रीय स्पर्धा एकदाही हुकली नाही. कॉलेज वर्ल्ड सिरीजला १७ वेळा गेले, १७ वेळा हात हलवत परत. १९९९ची फायनल तर मायामीकडून ६-५ अशी, एका धावेने गेली!

तिसऱ्या वर्षाची तयार पोरं ड्राफ्टमध्ये, म्हणजे व्यावसायिक संघांच्या खेळाडू-निवडीत, निघून जातात, म्हणजे संघ सतत नव्याने उभा करायचा. हे चाळीस वर्षं जमवणं मला तरी एका चषकाहून अवघड वाटतं. आणि हो, शॉर्टस्टॉप (दुसऱ्या-तिसऱ्या बेसमधला क्षेत्ररक्षक) म्हणून आलेला, पुढे व्यावसायिक बेसबॉलचा स्टार ठरलेला बस्टर पोझी कॅचर (फलंदाजामागे बसून चेंडू झेलणारा) झाला तो मार्टिन यांच्याच संघात.