घरात नऊ वर्षांची पॉमेरियन आहे आणि ग्रेट डेनचं पिल्लू येतंय. ओळख कशी करून द्यायची?

शाहूपुरीकर_ताई

नमस्कार मंडळी. आमच्याकडं चिंगी आहे. पांढरी पॉमेरियन, वय नऊ, वजन जेमतेम साडेचार किलो. दिवसभर सासूबाईंच्या पायाशी असते. त्या देवघरात बसल्या की ही उंबऱ्यावर, त्या परड्यात गेल्या की ही मागोमाग.

आता मिस्टरांच्या मित्राकडं जयसिंगपूरला ग्रेट डेनची पिल्लं झालीत. त्यातला एक काळा नर, छातीवर पांढरा ठिपका असलेला, यांनी बघितल्या बघितल्या पक्का केला. आठ आठवड्यांचा झाला की आणायचा, म्हणजे अजून तीन आठवडे आहेत. पिल्लू मलाही फार आवडलंय, नाही म्हणायचं मनात नाही. पण काळजी चिंगीची आहे. दिवाळीत भाचा त्याचा लॅब्रॅडॉर घेऊन आला होता. त्यानं खेळता खेळता हिच्या अंगावर पाय टाकला. ती ओरडली आणि नंतर दिवसभर सासूबाईंच्या खाटेखालनं बाहेर आली नाही. पाणीसुद्धा खाटेखाली नेऊन द्यावं लागलं.

घर कोल्हापुरात शाहूपुरीत आहे, जुनं. पुढं सोपा, मधलं घर, मागं स्वयंपाकघर आणि परडं. खाली गुळगुळीत फरशी. माडीचा जिना लाकडी आणि अरुंद. मिस्टर म्हणतात, पिल्लूच आहे, आपोआप जमेल. खरंच आपोआप जमतं का? ज्यांनी मोठ्या जातीचं पिल्लू लहान कुत्र्याच्या घरात आणलंय त्यांनी कृपया सांगा.

गडहिंग्लजचा_शेतकरी

ताई, आमच्याकडं लॅब होता, त्यात जर्मन शेफर्डचं पिल्लू आणलं. काही केलं नाही. दोन दिवस गुरगुरले, मग एका पोत्यावर झोपायला लागले. जास्त विचार करू नका, जनावर आपलं आपण बघून घेतंय.

बावड्याचा_मळा

ताई, गडहिंग्लजच्या दादांचं जमलं हे चांगलंच झालं, पण त्यांची दोन्ही कुत्री एका मापाची. तुमच्याकडं तसं नाही. आठ आठवड्यांचा डेनचा नर सात-आठ किलोचा असतो, म्हणजे उंबऱ्यात पाय टाकतानाच तो चिंगीच्या जवळपास दुप्पट. सहा महिन्यांत चाळिशीच्या आसपास जाणार आणि पूर्ण वाढला की साठ-सत्तर किलो. डोकं मात्र दीड-दोन वर्षं पोराचंच राहतं. डेन स्वभावानं गरीब, त्याबद्दल निर्धास्त राहा. चिंगीला दुखापत झालीच तर ती लाडात होणार. ही जात खेळताना पंजा फार वापरते. पुढचा पाय उचलायचा आणि समोरच्याच्या पाठीवर थापकन टाकायचा. लॅबनं दिवाळीत जे केलं तेच हा रोज करायला बघणार.

माझ्याकडं बावड्यात मळ्यातल्या घरी डेन आणि डॅशुंड एकत्र आहेत. डॅशुंड मादी आधीपासूनची, वयानं मोठी. तिची पाठ लांब, मणक्यातली गादी सरकायला एक दणका पुरे होतो. त्यामुळं डेन आणायच्या आधीच मी घराची मांडणी बदलून घेतली. तुम्हीही तीन आठवडे त्याच कामाला लावा.

सगळ्यात आधी फाटक. सोपा आणि मधलं घर यांच्या मध्ये. उद्यमनगरात कुठल्याही फॅब्रिकेशनवाल्याला माप द्या. उंची चार फूट सांगा. आता जास्त वाटेल, पण हा सहा महिन्यांत पुढचे पाय टेकवून वरनं बघायला लागतोय. नुसते उभे गज नकोत, पिल्लाचं डोकं अडकतं; बारीक जाळी मारून घ्या. खाली एका कोपऱ्यात सात-आठ इंच उंचीची खिडकी ठेवायला सांगा, चिंगीच्या बाजूनं कडी असलेली. सुरुवातीला पिल्लूही त्यातनं घुसेल, म्हणून तेव्हा कडी लावूनच ठेवायची. महिना-दीड महिन्यात तो एवढा होतो की त्याचा खांदा तिथनं जात नाही. मग कडी काढायची आणि परत लावायची नाही.

या खिडकीचा मला जेवढा उपयोग झाला तेवढा कशाचाच नाही. आमची म्हातारी आधी नुसतं नाक बाहेर काढते. डेन आडवा पडलेला दिसला तर बाहेर येते, त्याच्या शेपटाकडनं वळसा घालून उन्हात जाऊन बसते. तो उभा असेल किंवा तोंडात काही धरून नाचत असेल तर तशीच मागं सरकते. कधी भेटायचं हे तिच्या हातात आलं आणि तिचं गुरगुरणं निम्म्यानं कमी झालं. लहान कुत्र्याला पळायला वाट नसली की ते चावायला उठतं, आणि तिथंच घात होतो.

पहिली भेट घरात नको. कुणी सांगेल रंकाळ्यावर न्या, गांधी मैदानात न्या. अजिबात नेऊ नका. पिल्लाची लसीकरणं पुरी झालेली नसतात आणि तिथं गल्लीतली कुत्री फिरतात, पार्व्होची, म्हणजे पिल्लांच्या जीवघेण्या उलट्या-जुलाबाच्या रोगाची, लागण मातीतनं होते. शेजाऱ्यांची किंवा नात्यातल्या कुणाची गच्ची बघा, जिथं दुसरं कुत्रं चढत नाही आणि चिंगीही रोज जात नाही. दोन माणसं, दोन दोऱ्या. चिंगीला छातीचा पट्टा घाला, गळ्याचा नको; पॉमेरियनची श्वासनळी नाजूक असते. दोघांना समोरासमोर आणायचं नाही. दहा-बारा फुटांचं अंतर ठेवून एकाच दिशेनं चालत राहायचं. चिंगीचं अंग सैल झालं, ती जमीन हुंगायला लागली की अंतर थोडं कमी करायचं. मागनं वास घेऊ द्यायचा, दोन-तीन सेकंदांत हाक मारून बाजूला घ्यायचं. नाकाला नाक लावून उभं राहू द्यायचं नाही. खाऊ, खेळणं काही मध्ये नको. दहा मिनिटं झाली की पुरे, सगळं छान चाललं असलं तरी.

तोवर एक करा. जयसिंगपूरला गेलात की पिल्लाच्या आईच्या अंथरुणाचा एक फडका आणा आणि सोप्याच्या कोपऱ्यात टाका. चिंगीला त्याच्याकडं ओढून न्यायचं नाही, तिची ती जाईल.

आता गुरगुरण्याचं. चिंगी पिल्लावर गुरगुरणार, दात दाखवणार. तिला गप्प करू नका. ते पिल्लाला शिकवणं आहे आणि तुम्हाला सूचना आहे. गुरगुरल्याबद्दल ओरडा खाल्लेलं कुत्रं पुढं न गुरगुरता एकदम चावतं. तुम्ही पिल्लाकडं बघायचं. तिनं ओठ उचलल्यावर तो थांबला, तोंड वळवलं, पुढचे कोपर जमिनीला टेकवून मागचं अंग वर ठेवलं, तर तो ऐकणारा आहे, खेळायला विचारतोय. आडवा पडून तिच्या उंचीला येऊन खेळायला लागला तर फारच चांगलं. पण ती तोंड फिरवते, जांभया देते, ओठ चाटते आणि तरी हा अंगावर येतोच, तर तिथंच थांबवा. मध्ये आपण उभं राहायचं किंवा उशी घालायची. दर वेळी चिंगीला कडेवर उचलू नका. उचललं की पिल्लू तिच्यासाठी उड्या मारायला शिकतं, आणि तिलाही वाटतं की खाली काहीतरी भयंकर आहे.

पशुवैद्य_इचलकरंजी

वरचं सगळं बरोबर आहे. मी फक्त माझ्या कामाचं सांगतो.

फडका आणण्याआधी चिंगीची डिस्टेंपर-पार्व्होची लस चालू मुदतीत आहे का बघा. नसेल तर या आठवड्यातच द्या, पिल्लू आल्यावर नको. त्याच वेळी तिचे गुडघे, दात आणि हृदय तपासून घ्या. या वयाच्या लहान कुत्र्यांत गुडघ्याची वाटी सरकणं आणि हृदयाची झडप गळणं बऱ्याचदा दिसतं. दुखणाऱ्या कुत्र्याला पिल्लाचा त्रास दुप्पट होतो आणि आपल्याला वाटतं ते रागीट झालं.

पिल्लाच्या लसी सहा ते आठ आठवड्यांत सुरू होतात आणि सोळा आठवडे पूर्ण होईपर्यंत दर तीन-चार आठवड्यांनी द्याव्या लागतात. मधली चुकवू नका. रेबीजची तीन महिन्यांनंतर. लेप्टोस्पायरोसिसची लस दोघांनाही पावसाळ्याआधी द्या. शाहूपुरीत २०१९ आणि २०२१ ला पुराचं पाणी शिरलं होतं. उंदरांच्या मुतानं दूषित झालेल्या पाण्यातनं हा रोग कुत्र्यांना होतो, माणसांनाही होतो.

आणि एक कळकळीची विनंती. डेनच्या पिल्लाला कॅल्शियमचं सिरप देऊ नका. हाडं मोठी आहेत म्हणून कॅल्शियम द्या, असं तुम्हाला किमान चार जण सांगतील. पहिले काही महिने पिल्लाच्या आतड्याला जास्तीचं कॅल्शियम नाकारता येत नाही, ते बरंचसं शोषलं जातं आणि हाडं वाकडी वाढू शकतात. माझ्याकडं येणारे वाकड्या पायांचे डेन बहुतेक वेळा प्रेमानं भरपूर सिरप पाजलेले असतात. मोठ्या जातीच्या पिल्लांसाठीचं खाद्य वेगळं मिळतं, त्यात कॅल्शियम एक ते दीड टक्क्याच्या आसपास असतं. तेवढंच पुरतं. चिंगीच्या वाटीतलं त्याला नको आणि त्याचं चिंगीला नको, ती लठ्ठ होईल. दोघांना वेगवेगळ्या खोलीत, दार लावून खायला घाला. खाऊन झालं की भांडी उचला. तांबडा-पांढरा रस्सा आणि शिजवलेली हाडं दोघांनाही बंद. कांदा-लसूण कुत्र्याच्या रक्ताला बाधतो आणि शिजलेल्या हाडाच्या कपच्या आतड्यात रुततात.

गोचिडाची गोळी वजनावर असते. मोठ्याच्या गोळीचा तुकडा मोडून लहानाला देण्याचा प्रकार करू नका.

राजारामपुरी_सातवी_गल्ली

ताई, कुणीच विचारलं नाही म्हणून विचारते. चिंगीचं ऑपरेशन झालंय का? नर सहा-सात महिन्यांचा झाला की त्याला कळायला लागतं. पॉमेरियनला डेनपासून गर्भ राहिला तर पिल्लं बाहेर येणार कुठनं? थेट तिच्या जिवावर बेततं. ती माजावर असताना दार लावू, लक्ष ठेवू असं सगळे म्हणतात, पण एक महिनाभर घरातलं प्रत्येक माणूस प्रत्येक वेळी दार लावत नाही.

शाहूपुरीकर_ताई

सगळ्यांचे मनापासून आभार. मिस्टरांना सगळं वाचून दाखवलं. फाटकाचं माप त्यांनी लगेच घेतलं.

चिंगीचं ऑपरेशन झालेलं नाही. या वयात करावं का? मागच्याच महिन्यात माजावर येऊन गेली. दुसरं, सासूबाई ७२ वर्षांच्या आहेत. पिल्लू त्यांच्या पायात आलं तर? आणि दोघांना एकटं कधीपासून ठेवता येईल?

पशुवैद्य_इचलकरंजी

करा. आधी रक्ततपासणी आणि हृदयाची तपासणी करून, भूल देण्यासारखी असेल तर नक्की करा. माज संपल्यावर साधारण दोन महिन्यांनी केलेलं चांगलं, म्हणजे तुमचा मुहूर्त अजून महिनाभरानं येतोय. पिल्लू लहान असेल, घाई नाही. ऑपरेशन न झालेल्या वयस्क मादीत गर्भाशयात पू होण्याचा धोका असतोच, तोही टळेल. टाके निघेपर्यंत मात्र दोघांची भेट फक्त जाळीतनं. आणि तपासणीत भूल झेपणार नाही असं निघालं तर पिल्लाचं ऑपरेशन कधी करायचं ते माझ्याशी किंवा तुमच्या डॉक्टरांशी बोलून ठरवा. डेनच्या सांध्यांसाठी ते फार लवकर करणं बरं नाही, त्यामुळं ते ठरवताना विचार लागतो.

बावड्याचा_मळा

ताई, एकटं ठेवायचं विचारलंत. डेन आणि साडेचार किलोची पॉमेरियन, दोघांना मोकळं सोडून घराला कुलूप लावायचं नाही, कधीच नाही. कितीही गोडीगुलाबी दिसली तरी. लहान कुत्रं किंचाळत पळालं की मोठ्याच्या अंगातला शिकारी जागा होतो, आणि त्याची एक पकड पुरते. मी आजही बाहेर जाताना फाटक लावूनच जातो. घरात माणूस असताना आणि ते माणूस बघत असताना मोकळं, ते सुद्धा आधी थोडा थोडा वेळ आणि पिल्लू दमलेलं असताना.

सासूबाईंचा भाग म्हणजे मधलं घर आणि स्वयंपाकघर, तो चिंगीचा आणि त्यांचाच ठेवा. पिल्लाचं राज्य सोप्यात. परड्यात दोघांनी पाळीनं जायचं. सोप्यातल्या फरशीवर गोणपाट किंवा रबरी चटया अंथरा. गुळगुळीत फरशीवर पाय फाकत फाकत वाढलेल्या डेनचे सांधे लवकर जातात. जिन्याला खाली अडसर लावा, वर्षभर त्याला वर-खाली करू द्यायचं नाही. सासूबाईंना एवढंच सांगा की पिल्लू चारही पाय जमिनीवर ठेवून उभं असेल तरच त्याला हात लावायचा. घरातल्या सगळ्यांनी पाळलं तर तो अंगावर उड्या मारायला शिकतच नाही. ही सवय सात किलोला लावायची असते, सत्तर किलोला लागत नाही.

चिंगीचा जो काही नेम आहे तो मोडू नका. तिचं खाणं आधी, तिचं फिरणं आधी, रात्रीची तिची जागा खाटेपाशीच.

आणायच्या दिवशी चिंगीला गाडीत घेऊन जाऊ नका, घरीच राहू दे. पिल्लाला निघायच्या आधी भरपेट खायला घालू देऊ नका, गाडी लागते. सकाळी लवकर निघा म्हणजे दिवस सगळा हाताशी राहतो आणि गच्चीचा कोबा तापायच्या आत भेट उरकते. वाटेत हातकणंगल्याला थांबलात तर त्याला रस्त्याकडेला खाली सोडू नका, मांडीवर वर्तमानपत्राचे कागद आणि जुना टॉवेल घेऊन बसा. फाटक बसवलं की फोटो टाका, जाळी बारीक आहे का बघून सांगतो.