लीगच्या नियमावलीत लैंगिक गैरवर्तनाचं कलम नेमकं कसं लिहावं?

पार्कमैदान_कबड्डी
गड्डा यात्रा उरकली की सोलापुरात जिल्हास्तरीय कबड्डी लीग घ्यायचं घाटतंय. पुरुषांचे आठ संघ, महिलांचे चार, खेळाडू लिलावाने, मुक्काम मंगल कार्यालयात. जुन्या नियमावलीत शिस्तीवर एकच ओळ आहे: ‘गैरवर्तन झाल्यास आयोजन समितीचा निर्णय अंतिम राहील.’ एक संघमालक म्हणतात, लैंगिक तक्रार आली तर ते पोलिसांचं काम, आपण हात घालायचा नाही. दुसरे म्हणतात, गुन्हा दाखल झाला की थेट आजीवन बंदी. काही मुली अठराच्या आतल्या आहेत. काय लिहावं?

सातरस्ता_वकील
मालक, दोघांचंही चुकतंय. पोलीस आणि कोर्ट गुन्हा ठरवतात. हा माणूस आपल्या मॅटवर उतरावा का, हे लीगला स्वतंत्रपणे ठरवावंच लागतं. आणि तेही चौकशी करून, नुसत्या एफआयआरवर नाही.

कामाच्या जागी महिलांचा लैंगिक छळ रोखणाऱ्या 2013 च्या कायद्यात स्टेडियम, क्रीडासंकुल, स्पर्धेची जागा ही सगळी ‘कामाची जागा’ आहे. ‘कर्मचारी’ म्हणजे फक्त पगारी नव्हे. हंगामी, मानधनावरचे, फुकट राबणारे स्वयंसेवकसुद्धा त्यात येतात. पंच, गुणलेखक, मॅट अंथरणारी पोरं धरली की समिती बंधनकारक करणारा दहा माणसांचा आकडा तिथंच पार होतो. म्हणजे तक्रारी ऐकणारी अंतर्गत समिती हवी: अध्यक्ष वरिष्ठ महिला, आतले किमान दोन सदस्य, बाहेरची एक जाणकार व्यक्ती, आणि एकूण निम्म्या तरी महिला. संघमालक आणि प्रायोजक यांना लांबच ठेवा. खर्चाची सबब सांगू नका, नियमात बाहेरच्या सदस्याचा भत्ता दिवसाला 200 रुपये आणि प्रवासखर्च एवढाच आहे. समितीच नेमली नाही तर दंड 50,000 रुपयांपर्यंत. माणसं दहापेक्षा कमी असतील तर तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाते.

खरी गोची मुदतीत आहे. तक्रारीला तीन महिने (सबळ कारण असेल तर आणखी तीन), चौकशीला 90 दिवस. तुमची लीग पंधरवड्यात संपणार, मंडप निघणार, खेळाडू आपापल्या गावी. म्हणून करारातच लिहा: ‘स्पर्धा संपली तरी चौकशी चालू राहील, निर्णय पुढच्या लिलावालाही लागू राहील.’ हे वाक्य नसेल तर समोरचा दोन तारखांना येणारच नाही. सबळ कारण नसताना लागोपाठ तीन सुनावण्या चुकवल्या, तर 15 दिवसांची लेखी नोटीस देऊन एकतर्फी निर्णय घेता येतो, हेही घाला. दोन्ही बाजूंना वकील आणता येत नाही.

बाळीवेस_लीगवाला
वकीलसाहेबांनी चौकशीचं सांगितलं. चौकशी होईपर्यंत खेळाडूचं काय, तिथं बहुतेक लीग गटांगळ्या खातात.

श्रीलंकेचा क्रिकेटपटू दनुष्का गुणतिलका याला नोव्हेंबर 2022 मध्ये लैंगिक अत्याचाराच्या आरोपावरून सिडनीत अटक झाली, बोर्डाने लगेच निलंबित केलं. सप्टेंबर 2023 मध्ये तो निर्दोष सुटला आणि त्यानंतर निलंबन उठलं. निलंबनाच्या जागी आजीवन बंदी ठोकली असती तर? तात्पुरतं निलंबन ही शिक्षा नव्हे, हे कलमात स्पष्ट शब्दांत लिहा. आढाव्याची तारीखही टाका, नाहीतर तात्पुरतं म्हणता म्हणता वर्ष निघून जातं.

दुसरा मुद्दा पैशाचा. इंग्लंडच्या मँचेस्टर सिटी फुटबॉल क्लबने लैंगिक गुन्ह्यांचे आरोप झालेला आपला खेळाडू बेंजामिन मेंडी याचा पगार सप्टेंबर 2021 पासून थांबवला. 2023 मध्ये तो निर्दोष ठरला, आणि 2024 मध्ये लवादाने बहुतांश थकीत पगार द्यायला लावला, कारण पगार रोखायचा अधिकार करारातच नव्हता. लिलावाची रक्कम दोन हप्त्यांत असेल तर निलंबनकाळातला हप्ता संघाकडे न राहता आयोजकांच्या वेगळ्या खात्यात जमा राहावा. निर्दोष ठरला तर मिळेल.

‘निर्णय अंतिम’ ही ओळ मात्र आधी खोडा. अमेरिकेच्या मेजर लीग बेसबॉलने ट्रेव्हर बाउअरला 2022 मध्ये 324 सामन्यांसाठी निलंबित केलं. फौजदारी आरोपपत्र नव्हतं, आरोप त्याला मान्य नव्हते, तरी करारातल्या धोरणाखाली ते करता आलं. पुढे स्वतंत्र लवादाने ते 194 वर आणलं. शिक्षा झाली, पण बाहेरच्या माणसाने तपासून.

खोखो_कबड्डी_ताई
कलमाइतकंच मैदानावरचं बघा. मुलींचं वजन घेणं हा सगळ्यात दुर्लक्षित प्रकार. खोली वेगळी, वजन घेणारी बाईच, आणि आत संघातली आणखी एक मुलगी. मसाजवाला किंवा फिजिओ एकटा नको, दार उघडं. मुलींच्या मुक्कामाला महिला व्यवस्थापक रात्रीही तिथंच. रात्रीच्या सामन्यानंतर एकट्या मुलीला कुणाच्या गाडीत बसवून पाठवायचं नाही, मग तो कोच का असेना.

अठराच्या आतल्या मुला-मुलीबद्दल कळलं तर ‘आधी आपण खातरजमा करू’ हे चालणार नाही. पॉक्सो, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणारा कायदा, त्याच्या कलम 19 प्रमाणे पोलिसांना लगेच कळवावं लागतं. दडपलं तर संस्थाप्रमुखाला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. 2013 चा कायदा फक्त महिलांच्या तक्रारींसाठी आहे, पॉक्सो मुलग्यांनाही लागू आहे. मोठ्या पुरुष खेळाडूंच्या तक्रारींसाठी तुमचाच नियम करा.

आणि तक्रारीचा फोटो व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरवणारा पदाधिकारी प्रत्येक स्पर्धेत एक तरी निघतोच. गोपनीयता भंगाचा दंड त्याच्या नावाने लावा.

पार्कमैदान_कबड्डी
ताई, वकीलसाहेब, आभार. घरचे लोक मध्ये पडून ‘मिटवून घेऊ’ म्हणाले तर?

सातरस्ता_वकील
समेट तक्रारदार महिलेनेच मागितला, तरच, आणि चौकशी सुरू होण्याआधी. पैसे घेऊन तर नाहीच. पॉक्सोत समेट हा विषयच नाही.

आणखी एक. अमेरिकेच्या महिला फुटबॉल लीगमध्ये तक्रारी झालेले प्रशिक्षक एका संघातून दुसऱ्यात जात राहिले, 2022 च्या येट्स चौकशी अहवालात ते सगळं आलंय. तुमच्या लिलावाच्या फॉर्मवर खेळाडू आणि कोच दोघांनाही दोन रकाने ठेवा: चौकशी चालू आहे का, आणि चौकशी चालू असताना आधीचा संघ सोडला होता का. खोटं लिहिलं तर करार रद्द, रक्कम परत. जुन्या संघाचं पत्रही त्याच फॉर्मला जोडून घ्या.