मदत हवी आहे: तीन फुटी फिशटँकचं झाकण घरी बनवायचंय

टँक ३६ × १५ × १८ इंची, काच ८ मिमी, वरच्या कडेला पट्टी नाही. झेब्रा डॅनियो (उड्या मारणारे मासे) आणि गुरामी आहेत, त्यामुळे झाकण हवंच. सध्या ३ मिमी ॲक्रेलिकचं आहे, पण ते मधे खाली बसलंय आणि कोपरे बोटभर वर आलेत. झाकणाच्या खालच्या बाजूला जमलेलं पाणी कडेने बाहेर गळतं, स्टँडचं प्लायवूड फुगायला लागलंय. कॅनिस्टरचा (टँकबाहेर ठेवलेल्या फिल्टरचा) एक पाइप डाव्या आणि दुसरा उजव्या मागच्या कोपऱ्यातून जातो. ५ मिमी ॲक्रेलिक घेऊ की काच?

तळ्याकाठी:
काच घ्या. ॲक्रेलिक पाणी शोषतं. खालची बाजू ओली राहून वाढते, वरची कोरडी राहते, म्हणून कोपरे वर येतात. ५ मिमीचंही हेच होईल, फक्त उशिरा.

पाणी बाहेर गळतं ते झाकण टँकच्या कडेवर टेकल्यामुळे. ते कडेच्या आत, थोडं खाली बसवा, म्हणजे थेंब परत टँकमध्येच पडतील.

आतलं माप तीन ठिकाणी घ्या, सगळ्यात लहान तेच खरं. तुमच्या टँकचं आतून साधारण ८९८ × ३६५ मिमी भरेल. ४ मिमी साध्या काचेचे दोन तुकडे घ्या, प्रत्येकी ४४४ × ३५९ मिमी. दोन्ही टोकांना, मधल्या सांध्यात आणि पुढे-मागे ३ मिमी फट राहते. एक तुकडा सुमारे १.६ किलोचा होतो, एका हाताने उचलता येतो.

पाइपसाठी मागचा बाहेरचा कोपरा तिरका कापून घ्या, दोन्ही बाजूंनी ७० मिमी. चौकोनी खाच मागू नका. तिच्या आतल्या कोपऱ्यात ताण साठतो आणि काच तिथूनच तडकते. सगळ्या कडा काचवाल्याकडूनच घासून घ्या.

टेकूला ५ मिमी काचेच्या सहा पट्ट्या, १०० × २० मिमी. तीन पुढच्या काचेला, तीन मागच्या. मधली पट्टी बरोबर सांध्याखाली, म्हणजे ती दोन्ही तुकडे धरते. मागच्या टोकाच्या पट्ट्या कोपऱ्यापासून १०० मिमी सोडून लावा, नाहीतर कापलेल्या भागाखाली जातील. पुढच्या पट्ट्या वरच्या कडेपासून २० मिमी खाली, मागच्या २३ मिमी. एवढ्या उताराने पाणी मागे ओघळतं आणि पुढच्या काचेवर रेघा उमटत नाहीत.

काचकाम:
सिलिकॉन व्हिनेगरसारख्या वासाचं, साधं पारदर्शक घ्या. बाथरूमसाठी मिळणाऱ्या ट्यूबमध्ये बुरशीनाशक असतं, ते माशांना घातक. ट्यूबवर तसा उल्लेख असेल तर परत ठेवा.

भरलेल्या टँकवर काम करणार असाल तर पाणी १०० मिमी उतरवा. ॲसिटोनचं कापड टँकपासून लांब भिजवा, काच पुसून पूर्ण कोरडी होऊ द्या. पट्ट्या चिकटटेपने धरून ठेवा आणि ४८ तास भार देऊ नका. तेवढे दिवस वर जाळी बांधा, डॅनियो हमखास उडी मारतात. खिडक्या उघड्या ठेवा.

मुठीसाठी ६० × २० मिमी काचेची पट्टी उभी चिकटवा. ॲक्रेलिकची मूठ सिलिकॉनने टिकत नाही, पाणी लागलं की सुटते.

खाडीवाला:
घरात लहान मुलं असतील तर ६ मिमी पोकळ पॉलिकार्बोनेट शीटचा विचार जरूर करा. ती वजनाला हलकी असते आणि फारशी वाकत नाही. शीटमधल्या पोकळ नळ्या पुढून मागे जातील अशी कापा आणि दोन्ही उघडी टोकं सिलिकॉनने बंद करा, नाहीतर आत पाणी जाऊन शेवाळं धरतं आणि ते निघत नाही. उजेड मात्र काचेपेक्षा कमी मिळेल.

धागाकर्ता:
काचच करतो. उन्हाळ्यात पाणी तापेल का? आणि कापलेल्या कोपऱ्यातून मासा निघेल?

तळ्याकाठी:
तापेल. बाष्पीभवन थांबलं की पाणी थंड होण्याचा मुख्य मार्ग बंद होतो. एप्रिल-मेमध्ये एक काच काढून त्या जागी ॲल्युमिनियम फ्रेमची जाळी ठेवा, त्याच मापाची, खिडकीच्या मच्छरजाळीसारखी रबर बीडिंगमध्ये ओढून बसवलेली. दुसरी काच राहू द्या. गुरामी पृष्ठभागावर येऊन हवा घेतात, त्यांना वरची हवा दमट लागते.

कोपऱ्यात पाइपभोवती फिल्टरचा खरखरीत स्पंज कापून बसवा. त्यातून हवा खेळते, मासा जात नाही. हीटरची वायरही तिथूनच काढा आणि सॉकेटच्या आधी तिला खाली झोळ द्या, म्हणजे वायरवरून ओघळलेलं पाणी झोळाशी गळेल, प्लगमध्ये जाणार नाही.