सोसायटी ग्रुपवरची चर्चा: ‘ते खरे ख्रिस्ती नव्हेतच’

(बेळगावात टिळकवाडीतल्या आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर झालेली चर्चा. गुड मॉर्निंगची फुलं आणि निम्मे अंगठे गाळलेत, नावं बदललीत, सगळ्यांना विचारून टाकतोय. मधे मधे कंसात मी बोललोय, तेवढं चालवून घ्या.)

फर्नांडिस अंकल: 3 डिसेंबरला जुन्या गोव्याला संत फ्रान्सिस झेवियरचं फेस्त. चोर्ला घाटातून मिनीबस काढतोय, पहाटे निघायचं, रात्री परत. कुणाला यायचं असेल तर आज रात्रीपर्यंत कळवा. सगळ्यांचं स्वागत आहे 🙏

पाटील काका: फॉरवर्डेड: “गोव्यात इन्क्विझिशन (धर्माविरुद्ध वागणाऱ्यांवर खटले चालवणारी चर्चची कचेरी) आणा म्हणून पोर्तुगालच्या राजाला पत्र लिहिणारा हाच तो संत. लाखो हिंदू जिवंत जाळले. जागे व्हा.”

पाटील काका: जायचं त्यानं जावा की. खरं कुणापुढं हात जोडूलालोय एवढं माहीत असू दे म्हणून टाकलो.

सेक्रेटरी: धार्मिक फॉरवर्ड नकोत. नियम क्र. 4.

(नियम क्र. 4 आजवर कुणी पाळल्याचं मला आठवत नाही.)

फर्नांडिस अंकल: पाटील, पत्र आहे. 1546 चं. मी नाकारत नाही. खरं झेवियर 1552 ला चीनच्या किनाऱ्याजवळ वारले आणि इन्क्विझिशन गोव्यात आलं 1560 ला. आणि ज्यांनी माणसं जाळली ते खरे ख्रिस्ती नव्हेतच. शत्रूवर प्रेम करा म्हणणाऱ्याचं नाव घेऊन कोण माणूस जाळतो? गळ्यात क्रूस घातला म्हणून ख्रिस्ती होत नाही.

पाटील काका: हे बरं आहे ओ अंकल. शाळा काढली, दवाखाना काढला, कुष्ठरोग्यांची सेवा केली की ते ख्रिस्ती. माणूस जाळला की लगेच खरा ख्रिस्ती नव्हे. म्हणजे जमेची बाजू तेवढी तुमची, खर्चाची कुणाचीच नव्हे. बँकेत पस्तीस वर्षं काढलीत मी, असा ताळेबंद कुणी पास केला नसता.

सामंत (बी विंग): 😂

कुलकर्णी मॅडम: आधी फॉरवर्डमधले आकडे. 1561 ते 1774 या काळातल्या गोव्यातल्या खटल्यांची जी मोजदाद अभ्यासक देतात ती सुमारे 16 हजारांची. त्यात प्रत्यक्ष जाळलेले 57, आणि माणूस हाती लागला नाही किंवा आधीच मेला म्हणून नुसता पुतळा जाळला असे 64. लाखो नव्हेत.

पाटील काका: 57 म्हणजे कमी का मॅडम?

कुलकर्णी मॅडम: एकही कमी नव्हे. तुरुंग, छळ, जप्ती, बेअब्रू हे त्याशिवाय. पण खरा आकडा पुरेसा वाईट असताना खोटा कशाला लागतो?

दुसरं, ते पत्र होतं कशाबद्दल? बाप्तिस्मा घेऊनही लोक लपून यहुदी किंवा मुसलमान रीतीनं वागतात, ही त्यात तक्रार होती. पुढे गोव्यात सगळ्यांत जास्त खटले झाले ते बाटलेल्या हिंदूंवर. हिंदूंनाही त्रास झालाच, पण त्या कचेरीचं मुख्य काम होतं बाप्तिस्मा झालेल्यांपैकी खरा कोण आणि खोटा कोण ते ठरवायचं. 1736 चा एक हुकूमनामा आहे. त्यात दारात तुळस लावायची नाही, धोतर-चोळी घालायची नाही आणि भात शिजवताना मीठ घातलंच पाहिजे, कारण अळणी भात हिंदू शिजवतात. शेजारणीनं जाऊन सांगायचं, हिच्याकडे भात अळणी असतो.

गार्सिया द ओर्ता हे नाव ऐकलंय? आपल्याकडच्या औषधी वनस्पतींवर 1563 मध्ये गोव्यात पुस्तक छापणारा वैद्य. तो 1568 ला वारला. पुढच्या वर्षी त्याच्या बहिणीला, कातारिनाला, जिवंत जाळलं. आणि 1580 मध्ये त्याची स्वतःची हाडं उकरून जाळली. का, तर तो मनातून यहुदीच राहिला होता, खरा ख्रिस्ती नव्हता.

तेव्हा फर्नांडिस अंकल, तुमच्या भावनेचा आदर ठेवून सांगते, ‘हा खरा ख्रिस्ती नव्हे’ हे वाक्य त्या कचेरीत रोज म्हटलं जायचं.

(इथं पाऊण तास ग्रुपवर कुणीच काही लिहिलं नाही. मग एकदम तीन मेसेज आले, पैकी दोन पाण्याचे.)

होसमनी सर: हिडकलचं पाणी आज आहे का उद्या?

सेक्रेटरी: उद्या. टाकी जपून वापरा.

शिरोडकर वहिनी: आमचा कुलदेव मंगेश 1560 ला कुठ्ठाळीहून रातोरात प्रियोळला नेला. घरचे लोक तसेच घाट चढून इकडं आले. सासूबाई सांगायच्या, देवळं पाडणारे पाद्री रोज गुडघे टेकून प्रार्थना करायचे. म्हणजे भक्ती खरीच असणार त्यांची. म्हणूनच मला जास्त भीती वाटते.

सामंत (बी विंग): सोप्पं करू का? येशूला मानतो, बाप्तिस्मा झालाय, तो ख्रिस्ती. चांगला का वाईट ते वेगळं. वाईट इंजिनिअर इंजिनिअरच असतो.

फर्नांडिस अंकल: मग हिटलरही ख्रिस्ती? त्याचाही बाप्तिस्मा झाला होता.

जाधव सर: हिटलरचं उदाहरण सोडा अंकल. बाप्तिस्मा झाला होता, खरं तो काही भाविक माणूस नव्हता. त्याला बाहेर काढणं सोपं आहे. अवघड उदाहरण घ्या. मी देतो. मोठं लिहितो, कंटाळा आला तर सोडून द्या.

(जाधव सर आमच्या ग्रुपवर सणाच्या शुभेच्छांपलीकडे फारसे बोलत नाहीत. मेथडिस्ट, म्हणजे प्रोटेस्टंटांतले, आहेत, आजोबांच्या पिढीपासून. त्यांचा मेसेज जसाच्या तसा.)

जाधव सर: रवांडा, 1994. शंभर दिवसांत आठ लाखांच्या आसपास माणसं मारली गेली. देश जवळजवळ सगळा ख्रिस्ती. मारणारे आणि मरणारे रविवारी एकाच देवळात बसायचे. न्यांगे नावाच्या गावात कॅथलिक चर्च होतं. ज्यांची कत्तल चालली होती त्या तुत्सी जमातीचे किमान दीड हजार लोक जीव वाचवायला आत शिरले. तिथला पाद्री अथानाझ सेरोंबा. बाहेर बुलडोझर आणला होता. ड्रायव्हर बिचकत होता. पाद्र्यानं त्याला पाडायला सांगितलं आणि इमारत कुठल्या बाजूनं कच्ची आहे तेही दाखवलं. छप्पर खाली आलं. हे वर्तमानपत्रातलं नव्हे, रवांडासाठी नेमलेल्या आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणाच्या अपिलातलं आहे. 2006 ला 15 वर्षं शिक्षा झाली होती, 2008 ला अपिलात जन्मठेप. खटल्याआधी काही वर्षं हा माणूस इटलीत, फ्लॉरेन्सजवळ, दुसऱ्या नावानं पाद्री म्हणून काम करत होता. लोक त्याच्या हातून प्रसाद घेत होते.

आता सांगा, हा कोण? मी म्हणतो, आमचा. त्याचं शिक्षण आमच्या सेमिनरीत, पाद्री घडवणाऱ्या शाळेत झालं, त्याच्या डोक्यावर आमच्या बिशपनं हात ठेवला. त्याला खरा ख्रिस्ती नव्हे म्हटलं की मी सुटलो, सेमिनरी सुटली, बिशप सुटले. मग त्याला घडवताना काय चुकलं हे विचारायला कुणी शिल्लकच राहत नाही.

हे नुसतं माझं म्हणणं नव्हे. 1996 मध्ये पोप जॉन पॉल दुसरे रवांडाच्या लोकांना लिहितात की ख्रिस्ताच्या शिकवणीविरुद्ध वागलेल्या सभासदांच्या अपराधाला चर्च स्वतः जबाबदार नाही. 2017 ला पोप फ्रान्सिस रवांडाच्या अध्यक्षांसमोर चर्चच्या आणि चर्चमधल्या माणसांच्या, पाद्र्यांसकट, पापांबद्दल देवाची क्षमा मागतात. मधे एकवीस वर्षं गेली. पहिल्या पत्रात ते लोक परके आहेत, दुसऱ्या वेळी घरचे.

फर्नांडिस अंकल: आम्ही कॅथलिक, आमच्या पोपचा दाखला मेथडिस्ट माणसानं द्यावा 😄 खरं जाधव, येशूनं स्वतः सांगितलंय. ‘प्रभू, प्रभू’ म्हणणारा प्रत्येक जण आत येणार नाही. मी त्यांना म्हणेन, मला तुमची ओळखच नव्हती. मत्तय 7. हे तर तो स्वतः म्हणतोय ना, की ते माझे नव्हेत?

जाधव सर: म्हणतोय. खरं ते तो म्हणणार, शेवटच्या दिवशी. तुम्ही-मी नव्हे. त्याच मत्तयात पुढं शेताची गोष्ट आहे. चाकर विचारतात, तण उपटू का? मालक म्हणतो राहू दे, तण उपटताना गहूही उपटाल, कापणीपर्यंत दोन्ही वाढू देत. सोळाशे वर्षांपूर्वी आफ्रिकेत डोनाटस पंथाचे लोक म्हणत होते, आमचंच चर्च निर्मळ, छळाच्या वेळी डळमळलेल्यांचं ते चर्चच नव्हे. तिथल्याच बिशप ऑगस्टीननं हीच गोष्ट त्यांच्यापुढं ठेवली.

लोबो काकू: मी शिकलेली नाही एवढी. पण शनिवारी कुमसाराला, पाद्रीपुढं पाप कबूल करायला, रांग लावतो ती कशाला बाबा? पाप करतो म्हणूनच ना? पाप केलेला ख्रिस्तांव नव्हे म्हटलं तर रांगेत उभं कोण राहणार? आणि पाद्रीकडच्या बाप्तिस्म्याच्या वहीतलं नाव कोण खोडत नाही. कितीही वाईट वाग, नाव तिथंच.

पाटील काका: म्हणजे काकू, जाळा आणि कुमसार करा, झालं?

लोबो काकू: झालं कुठं? पश्चात्ताप नसला तर कुमसार कसलं ते? आमच्या लहानपणीचे पाद्री चोरलेली कोंबडी आधी परत दे म्हणायचे, मग माफी.

जाधव सर: काकूंनी बरोबर जागी बोट ठेवलंय. पाटील काका, साल 390. रोमचा सम्राट थिओडोसियस. यानंच दहा वर्षांपूर्वी ख्रिस्ती धर्म साम्राज्याचा धर्म केला. भाविक म्हणाल तर तसा दुसरा मिळायचा नाही. थेस्सलोनिका शहरात दंगा झाला, त्याचा सेनापती मारला गेला, आणि यानं चिडून शहरात कत्तल करवली. जुने इतिहासकार सात हजार म्हणतात. मिलानचा बिशप अँब्रोझ त्याला पत्र लिहितो: तुम्ही समोर असताना मी वेदीवर मीस (प्रसादाचा विधी) अर्पण करू शकत नाही, दाविदासारखं पाप कबूल करा. सम्राटाला लोकांसमोर राजवस्त्रं उतरून प्रायश्चित्त घ्यावं लागलं. अँब्रोझनं ‘तो ख्रिस्तीच नव्हे’ म्हटलं असतं तर सम्राटावर कसली सक्तीच उरली नसती. परक्याला कोण जाब विचारणार?

फर्नांडिस अंकल: मग बाहेर काढायचंच नाही का कधी? 1982 ला ओटावात जगभरच्या रिफॉर्म्ड (प्रोटेस्टंट) चर्चांनी ठराव केला की वर्णभेदाचं धार्मिक समर्थन हे पाखंड आहे, आणि दक्षिण आफ्रिकेतल्या गोऱ्यांच्या चर्चचं सभासदत्व थांबवलं. हे चूक केलं?

जाधव सर: नाही, शंभर टक्के बरोबर केलं. खरं केव्हा केलं ते बघा. वर्णभेद जिवंत होता, सरकार त्यांचं होतं, तेव्हा. आणि दार उघडं ठेवून, वर्णभेद सोडा आणि परत या. मेल्यानंतर चारशे वर्षांनी इन्क्विझिशनवाल्यांना बाहेर काढायला काय लागतं? कुणाची नोकरी जात नाही, कुणी वाळीत टाकत नाही.

(पाटील काका हे वाचत होते, निळ्या खुणा दिसत होत्या. मला वाटलं आता ते गप्प बसतील. तेवढ्यात मॅडमनी त्यांचीच पाळी आणली.)

कुलकर्णी मॅडम: पाटील काका, तुमचा ताळेबंद मला फार आवडला. तोच आपल्याला लावू या? जानेवारी 1999, ओडिशातलं मनोहरपूर. ग्रॅहम स्टेन्स, कुष्ठरोग्यांत काम करणारा ख्रिस्ती मिशनरी, आणि त्याची दोन मुलं, एक दहाचा आणि एक सहाचा, जीपमध्ये झोपले होते. जमावानं गाडी पेटवली. तेव्हा आपण घराघरांत काय म्हटलं?

पाटील काका: हे वेगळं आहे.

कुलकर्णी मॅडम: ‘खरा हिंदू असं करत नाही’ म्हटलं. मीही म्हटलं.

पाटील काका: मग काय, ते आपले म्हणून मिरवू?

होसमनी सर: पाटील, खरा कोण हा प्रश्न बेळगावात विचारूच नये. माझी आई मराठी, मी घरात कन्नड बोलतो, दोन्हीकडचे मला खोटा म्हणतात 😀 उद्या पाणी नक्की ना?

पाटील काका: जाधव सर, तुम्ही सांगा. ते आपले म्हणून मी करायचं काय? माफी मागू? मी तिथं नव्हतो, ओडिशा बघितलंही नाही मी.

जाधव सर: माझ्याकडे माफी मागू नका, मी काय ग्रॅहम स्टेन्सचा वारस नव्हे. त्यांच्या बायकोनं तर मारेकऱ्यांना माफ केलं आणि तिथंच राहून काम केलं. तुम्ही एवढंच विचारा की ती मुलं जळत असताना त्या जमावाला आपण धर्माचं काम करूलालोय असं का वाटलं? ते त्यांना कुणी शिकवलं? हा प्रश्न मी विचारला तर आगाऊपणा होतो. तुम्हीच विचारू शकता.

पाटील काका: बघतो.

शिरोडकर वहिनी: काकांनी ‘बघतो’ म्हटलंय, स्क्रीनशॉट काढून ठेवा 😄

फर्नांडिस अंकल: जाधव, मला अजून पटलेलं नाही. सेरोंबाला ख्रिस्ती म्हणायला जीभ वळत नाही माझी. उद्या तो तुमच्या बाकावर शेजारी येऊन बसला तर?

जाधव सर: बसू दे. वेदीकडं निघाला तर मी उठून आडवा उभा राहीन.

फर्नांडिस अंकल: ख्रिस्ती म्हणायचं आणि प्रसाद द्यायचा नाही?

जाधव सर: हो. ख्रिस्ती आहे म्हणूनच.

फर्नांडिस अंकल: विचार करतो. ते अपिलाचं निकालपत्र कुठं वाचायला मिळेल?

सामंत (बी विंग): इंग्रजीत आहे अंकल. पीडीएफ काढून पाठवतो. बरंच मोठं आहे.

पाटील काका: मलाही टाक रे.